काळोख पडायच्या आत

"ऐन थंडीत युरोप? लोक मे महिन्यात जातात!" निघण्यापूर्वी हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी शेवटी मी नुसतीच हसायची. धाकट्या नणंदेनं लोकरीचे मोजे विणून दिले आणि वर बजावलं, "वहिनी, दादाला घसरू देऊ नकोस हं." शेजारच्या बेननी खाकऱ्यांची सहा पाकिटं आणून दिली. बडोद्यात राहायचं म्हणजे खाकऱ्यांशिवाय कोणी सीमा ओलांडू देत नाही.

जानेवारी निवडण्यामागं एक कारण अगदी व्यवहारी होतं. नाताळचे बाजार उठले, नवं वर्ष साजरं करून झालं, की तिकडे हॉटेलांची भाडी उतरतात, विमानाची तिकिटं उतरतात आणि जागोजागच्या रांगाही ओसरतात. दोन पेन्शनींत बसवायचं म्हणजे हे सारं पाहावं लागतं.

दुसरं कारण म्हणजे एक चित्र. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा बैठकीच्या भिंतीवर कुठल्याशा औषध कंपनीच्या कॅलेंडरवरून कापलेलं एक चित्र होतं. बर्फानं झाकलेला डोंगर, कुत्र्यांसह परतणारे तीन शिकारी, खाली गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी माणसं. ब्रूगेल नावाच्या चित्रकारानं ते १५६५ साली काढलं. वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंवर त्यानं जी मालिका केली, तिच्यातली पाचच चित्रं आज शिल्लक आहेत. त्यांतली तीन व्हिएन्नात, एक प्रागला आणि एक न्यूयॉर्कला. हे सगळं मला पाठ आहे, कारण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही माहिती मिळत असे.

तिसरं कारण आम्ही कोणाला फारसं सांगितलं नव्हतं. ह्यांना काचबिंदू आहे. या रोगात दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं हळूहळू खात खात आत येते. समोरचं अक्षर वाचता येतं, पण बाजूनं येणारी सायकल दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. उजेड कमी झाला की अडचण आणखी वाढते. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "जे पाहायचं आहे ते पुढं ढकलू नका." म्हणून २०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं निघालो. बरोबर ना मुलगी, ना कुठली टूर.

एका शेंगेन व्हिसावर ऑस्ट्रिया, चेक आणि हंगेरी असे तिन्ही देश होतात. पैसे मात्र तीन तऱ्हेचे लागतात: युरो, कोरुना आणि फोरिंट. मी तीन पाकिटं शिवून नेली होती.

व्हिएन्नात पहिल्या दिवशी सकाळी पडदा सारला, तर बाहेर करडा उजेड आणि छपरांवर बर्फ. फुटपाथवर लोक घसरू नयेत म्हणून बारीक खडी टाकलेली. ती बुटाखाली करकर वाजते. चालण्याची आमची पद्धत त्याच दिवशी ठरली. ह्यांची डावी बाजू जास्त गेलेली, म्हणून मी डावीकडे, हात घट्ट धरून. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही रस्त्यानं असे कधी चाललो नव्हतो. आमच्या वेळी नवरा चार पावलं पुढं असे. इथं तर सगळीच म्हातारी जोडपी एकमेकांना धरून चालत होती, त्यामुळे आमच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

तिथलं कलासंग्रहालय सम्राट फ्रान्झ योसेफच्या काळात बांधलेलं, १८९१ साली उघडलेलं. कोट आणि छत्र्या खालीच ठेवायच्या. संगमरवरी जिना इतका भव्य, की मला वाटलं राजवाडाच आहे. ब्रूगेलची चित्रं एका दालनात एकत्र आहेत. जगात इतरत्र कुठंही त्याची इतकी चित्रं एका जागी नाहीत. ह्यांनी बाकी काही न पाहता थेट त्या दालनात चलायला सांगितलं.

चित्र मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ मोठं निघालं. पावणेचार फूट उंच, पाच फुटांहून रुंद. हे समोर उभे राहिले आणि एकदम गप्प झाले. मला आधी वाटलं, गहिवरले. मग कळलं, हे चित्र शोधत होते. कॅलेंडरचं चित्र नजरेत अख्खं मावायचं, हे मावेना. नळीतून पाहावं तसा एकेक तुकडा दिसत होता.

"सांग," हे म्हणाले.

मी काय सांगणार? मी आयुष्यभर हिशेब लिहिलेली बाई. पण सांगू लागले. डाव्या कडेला खानावळीसमोर जाळ पेटवलाय. दारावरची पाटी एका बाजूनं सुटून लोंबतेय. शिकाऱ्यांपैकी एकाच्या पाठीवर एक कोल्हा, बस्स, एवढीच शिकार. कुत्री माना खाली घालून चाललीत. उजवीकडे खाली पाणचक्कीचं चाक गोठलंय. पुलावरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललीय.

"मोळी?" हे म्हणाले. "कॅलेंडरवर ती दिसायचीच नाही." मग मी सांगत गेले तसतशी त्यांनी मान फिरवत प्रत्येक जागा गाठली. लांबवर एका घराच्या धुराड्याला आग लागलीय आणि माणसं शिडी लावताहेत, हे तर मला फार उशिरा दिसलं. १५६४-६५ चा हिवाळा युरोपात फार कडक गेला होता, तो त्यानं अनुभवला असणार, असं हे सांगू लागले. म्हणजे मास्तर परत मास्तर झाले! मालिकेतली बाकी दोन चित्रंही तिथंच आहेत. मधल्या बाकावर बसत-उठत आम्ही त्या एका दालनात तीन तास काढले. उन्हाळ्यात एवढी जागा कोणी दिली असती का, देव जाणे.

बाहेर पडलो तेव्हा साडेचार वाजत आले होते आणि अंधार उतरत होता. माझ्या पर्समधला मोबाईल वाजला. थेंबांची वेळ चुकू नये म्हणून मी गजर भारताच्या घड्याळावरच ठेवला होता. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तिथं दुपारचे साडेचार. त्यामुळे रोज नेमक्या दिवे लागणीला, असू तिथं थांबून थेंब घालायचे आणि मग हॉटेल गाठायचं, हा नेम झाला. त्या दिवशी ते काम एका कॉफीहाउसात झालं. व्हिएन्नात एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा पेला येतो आणि लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं वाचायला मिळतात. जर्मन येत नसलं तरी हे ते पत्र समोर धरून बसले होते. म्हणे, रुबाब येतो.

प्राग रेल्वेनं चार तासांवर. शहर देखणं आहे, पण रस्ते दगडी गोट्यांचे आणि त्यावर बर्फ. चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ साली सुरू झालं. दोन्ही बाजूंना तीस पुतळे आहेत. त्या पुलावर आमचं भांडण झालं. मी आपली "पायरी आहे", "डावीकडे माणूस", "इथं ओलं आहे" असं चालवलं होतं. एका पुतळ्यापाशी हे थांबले आणि माझा हात सोडून म्हणाले, "मी अजून आंधळा झालेलो नाही. झाल्यावर बोल."

मग पुलाच्या टोकापर्यंत हे एकटे चालले. मी चार पावलं मागून. अगदी जुन्या दिवसांसारखं. फरक इतकाच, की माझी नजर सारखी त्यांच्या बुटांवर होती. जेवताना कोणी बोललं नाही. मी बशीतल्या मैद्याच्या वाफवलेल्या गोळ्यांचे तुकडे करत राहिले. रात्री थेंब त्यांनी स्वतःच घातले. दोन गालावर गेले.

सकाळी हॉटेलच्या दारात हे थांबून राहिले. मी हातमोजे घालून आले तर म्हणाले, "डावीकडे ये. पण बोलू नकोस, नुसता हात दाब. पायरी असली तर एकदा, माणूस असला तर दोनदा." झालं. त्यानंतरचे सगळे दिवस आमचा हा तारायंत्राचा कारभार चालू होता.

प्रागचं चित्र टेकडीवरच्या किल्ल्यातल्या लोब्कोविझ वाड्यात आहे. या घराण्याची मालमत्ता आधी नाझींनी घेतली, युद्धानंतर परत मिळाली, ती १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी घेतली आणि १९८९ नंतर पुन्हा वारसांकडे आली. चित्र गवतकापणीचं आहे, भर उन्हाळ्यातलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत ही हिरवी-पिवळी शेतं! पुढच्या बाजूला तीन बाया खांद्यावर दाताळी घेऊन चालल्यात आणि त्यांतली एक सरळ आपल्याकडे पाहते. "ही आपली सखू," मी म्हटलं. सखू म्हणजे माझ्या माहेरच्या शेतावरची. हे इतके मोठ्यानं हसले की पहारेकरीण उठून उभी राहिली.

बुडापेस्टची गाडी सातेक तास घेते. शेवटी शेवटी डॅन्यूब नदी रुळांना चिकटून वाहते. हे खिडकीशी, मी समोर. बाहेर पांढरी शेतं, काळी झाडं, कावळे. त्या प्रवासात मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

बुडापेस्टमध्ये माझा हट्ट होता तो गरम झऱ्यांचा. सेचेनी स्नानगृह १९१३ सालचं, पिवळं धमक, राजवाड्यासारखं. जमिनीखालून कढत पाणी येतं, ते निववून उघड्यावरच्या हौदांत सोडतात. हवा शून्याखाली, पाणी आपल्या आंघोळीचं. मुलीनं घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेऊन दिला होता, तो घालून मी देवाचं नाव घेत उतरले. कडेला काही आजोबा गळ्याइतक्या पाण्यात बुद्धिबळ खेळत होते. वाफ इतकी दाट, की हातभर अंतरावरचं दिसेना. वळून पाहते तर हे नाहीत! नावानं हाक मारायची सवय नाही. मी जीव तोडून ओरडले, "अहो! अहो!" वाफेतून चार-पाच अनोळखी डोकी माझ्याकडे वळली. दोन हातांवरून आवाज आला, "अगं इथंच आहे. मजा येते आहे. इथं सगळ्यांना माझ्याइतकंच दिसतंय."

स्नानगृहाच्या जवळच ललितकला संग्रहालय आहे. तिथं ब्रूगेलचं १५६६ चं एक चित्र आहे: रानात प्रवचन देणारा संत जॉन आणि भोवती ही गर्दी. संत कुठं तरी मध्ये, लहानसा. पुढं सगळ्या पाठीच पाठी. प्रवचन चालू असताना पुढ्यातच एक गृहस्थ बिनदिक्कत हात दाखवून भविष्य विचारतोय. हे मला ह्यांनी दाखवलं. मी संताला शोधत होते.

तेवढ्यात गजर झाला. आम्ही बाकावर बसलो. ह्यांनी मान मागं टाकली, मी थेंब घातले. मग नेहमीप्रमाणे पाच मिनिटं डोळे मिटून. तेवढ्या वेळात मी हळू आवाजात झाडांवर चढून बसलेली माणसं सांगितली; कोण कुठल्या फांदीवर आहे ते.

हे डोळे उघडून उठले, चित्राच्या अगदी जवळ गेले, नाक वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"तू एकाला विसरलीस," म्हणाले.