कोकणच्या बोगद्यात आकाश कुठून आणायचं?

मैत्रिणींनो, कोकण रेल्वेनं तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. माहेर तिकडचं असेल तर गणपतीला, शिमग्याला. नसेल तर गोव्याला जाताना. खिडकीची जागा मिळाली की डबा मांडीवरच राहतो आणि डोळे बाहेर लागतात. मीही इतकी वर्षं तशीच जात आले. गेल्या खेपेला मात्र सारं लक्ष हातातल्या फोनकडे होतं. कणकवलीला आईच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होतं. वय एक्याऐंशी. यांच्या दोन दिवसांच्या जेवणाची सोय लावता लावता रात्रीची गाडी हुकली, म्हणून पहाटेची धरली. सोबतीला बहिणीचा मुलगा होता.

गणपती नुकतेच गेले होते. रोहा सुटलं आणि दोन्ही अंगांना हिरवंगार दिसू लागलं. भातखाचरं, मधूनच एखादी भरलेली नदी, डोंगरावरून उतरणारे पांढरे ओहोळ. खेड यायच्या आधी नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरहून लांब. तिथं पहिल्यांदा फोन मुका झाला. पुढं चिपळूण, संगमेश्वर. उक्षी गेलं आणि दादाचा फोन आला. "आईला बाहेर आणलंय. डॉक्टर म्हणताहेत की..."

एवढंच. गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली होती!

काय सांगू, त्या "की"च्या पुढं माझ्या मनानं काय काय लिहून टाकलं! करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी ऐंशीच्या वेगानं धरलं तरी पाच मिनिटं काळोखच. बाहेर आलो, तर फोनवर एक रेघ उमटली आणि लगेच पुसली गेली. पुन्हा डोंगर, पुन्हा खोल कापलेली दरड.

मी भाच्यावरच चिडले. "अरे, आता म्हणे उपग्रहावरून इंटरनेट येतं. मग या गाड्यांना ते का नाही लावत?"

तो शांतपणे म्हणाला, "मावशी, उपग्रहाला आकाश लागतं. बोगद्यात आकाश कुठून आणायचं?"

मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगते, कारण जाहिराती वाचून आपली समजूत भलतीच होते. गाडीच्या टपावर एक अँटेना बसवतात. ती उपग्रहाशी बोलते आणि डब्यात वाय-फाय येतं. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आपला प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तरानं तसंच परतायचं, यात अर्धा सेकंद जातो. म्हणून बोलताना दोघं एकदमच "हॅलो हॅलो" करत बसतात. नव्या पद्धतीचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ही खोळंबा करणारी अडचण बरीच कमी झाली. पण असा एकेक उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो आणि अँटेनेला पुढचा धरावा लागतो. वर आकाश मोकळं असेल तर हे सुरळीत चालतं. बोगदा, उंच दरड, दाट झाडी, स्थानकाचं छप्पर आडवं आलं की तुटतं. आणि मुसळधार पावसातही ते क्षीण होतं.

आता आपली कोकण रेल्वे पाहा. १९९८ साली ती पूर्ण सुरू झाली. लांबी सुमारे ७४० किलोमीटर. त्यातले ८४ किलोमीटर बोगद्यांतले, आणि बोगदे नव्वदच्या वर! म्हणजे दर नऊ किलोमीटरला एक किलोमीटर पोटात. वर कोकणचा पाऊस. उपग्रहाला याहून कठीण सासर मिळणार नाही.

आपल्याकडे हा प्रयोग झालेलाही आहे. २०१३ साली हावडा राजधानीत उपग्रहावरून वाय-फाय दिलं होतं. तो मार्ग बराचसा सपाट, गंगेच्या मैदानातला. तरीही २०२१ साली रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की खर्च फार आणि प्रवाशांच्या वाट्याला येणारा वेग अपुरा, म्हणून योजना सोडून दिली. मला तर आपल्या वाड्यातला नळ आठवला. एकाच नळावर सगळ्यांच्या बादल्या लागल्या की धार कुणालाच पुरत नाही. युरोपात पॅरिस-ब्रुसेल्स मार्गावरच्या थॅलिस गाड्यांत २००८ साली ही सोय आली, पण तिथंही एकट्या उपग्रहावर विसंबले नाहीत. मोबाइलची जोड दिली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे, जिथं माळरान मोठं आणि वस्ती विरळ म्हणून टॉवरही विरळ, तिथल्या गाड्यांवर २०२५ साली खालच्या उपग्रहांचा प्रयोग सुरू झाला. मोकळ्या माळावर हे शोभतं. बोगद्यात मात्र भिंतीलगत केबल टाकून लहर आत न्यावी लागते, दुसरा इलाज नाही.

एवढं ऐकेपर्यंत रत्नागिरी आलं. फोन खणखणला.

"अगं, कुठं गेलीस? डॉक्टर म्हणताहेत की उद्या वॉकर धरून उभं करू. आई विचारतेय, तू जेवलीस का?"

मी तिथंच, चारचौघांत, पदर डोळ्याला लावला. गाडी हलली आणि थोड्याच वेळात पानवलचा पूल आला. खाली ६४ मीटर खोल दरी, तळाशी नदीची रेघ. सकाळपासून पहिल्यांदाच मी खिडकीबाहेर पाहिलं आणि डबा उघडला.

तेव्हा मैत्रिणींनो, अनुभवाचे चार बोल सांगते. या मार्गानं जाताना घरच्यांना आधीच बजावून ठेवा, की फोन लागला नाही तर घाबरू नका. निरोप महत्त्वाचा असेल तर बोलण्याच्या जोडीला लिहूनही धाडायला सांगा. रेघ आली की तो आपोआप येऊन पडतो. तिकीट, दवाखान्याचा पत्ता, औषधांची यादी कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवा. मोठ्या स्थानकावर गाडी थांबली की तिथलं रेल्वेचं वाय-फाय वापरा. रोज पहिला अर्धा तास फुकट असतं.

आणि मुख्य म्हणजे, सांगणाऱ्यानं आधी "आई बरी आहे" म्हणावं, डॉक्टर काय म्हणतात ते मागून. दादाला मी हे कणकवलीला उतरल्या उतरल्या सुनावलं!