वार ठरवताना

चार पानांचा अंक काढायचा, हे वसईतल्या पापडीत आमचं चहा संपायच्या आत ठरलं. कागद कुठला, छापायचा कुठे, हेही फारसं न भांडता ठरलं. गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. काढायचा दर किती दिवसांनी?

आमच्यातला सर्वांत तरुण म्हणाला, आठवड्याला एक तरी हवाच, नाहीतर लोक विसरतात. निवृत्त मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या मते तिमाहीच बरं, कारण तीन महिन्यांत माणसाला खरोखर सांगण्यासारखं एखादंच सुचतं, बाकीचं सगळं भरताड. ताईंनी दोघांकडे दुर्लक्ष करून कागदाचा भाव विचारला. मी पंधरवड्याच्या बाजूने बोललो, पण मनापासून नाही. दोघांच्या मधलं काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, एवढंच.

सरकारलाही हा प्रश्न कधी क्षुल्लक वाटलेला नाही. १८६७च्या कायद्याखाली वृत्तपत्र काढणाऱ्याला ते किती दिवसांनी निघणार हे घोषणापत्रात लिहून द्यावं लागे, आणि साप्ताहिक-पाक्षिकाचे कबूल केलेल्या अंकांपैकी निम्म्याहून कमी अंक तीन महिन्यांत निघाले, तर घोषणापत्रच निकामी होई. टपालखात्याची अट आणखी रोकडी होती. सवलतीच्या दराने अंक पाठवायचा तर दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको. म्हणजे मास्तरांच्या तिमाहीला पुरं तिकीट! १ मार्च २०२४पासून नवा कायदा आला आणि कचेरीतले हेलपाटे कमी झाले. आमच्या चार पानांत बातमी नसणार होती, त्यामुळे कायद्याच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो. पण त्या जुन्या अटींमागचा शहाणपणा मला पटला. लिहिणाऱ्याला जाब विचारायचा तर आधी त्याच्याकडून दिवस कबूल करून घ्यायला हवा.

घरी येऊन मी जुन्या तारखा काढून बसलो. हा माझा नाद आहे, आणि त्यातून दर वेळी काही निघतंच असं नाही. या वेळी निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत ६ जानेवारी १८३२ला सुरू झालं. पानावर दोन रकाने, एक मराठी आणि एक इंग्रजी. पहिले चार महिने ते पंधरवड्याला निघे, ४ मेपासून दर आठवड्याला निघू लागलं. पंचांग मागे मोजत गेलो, तर ६ जानेवारीला शुक्रवार, ४ मेला शुक्रवार, आणि शेवटचा अंक २६ जून १८४०चा, तोही शुक्रवारचाच. मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राने वेग दुप्पट केला, पण वार सोडला नाही. पुढे ४ जानेवारी १८८१ला ‘केसरी’ निघाला तो मंगळवारी. त्याचं इंग्रजी भावंड ‘मराठा’ दोनच दिवस आधी, रविवारी. किती दिवसांनी, या प्रश्नाच्या पोटात कोणत्या वारी, हा प्रश्न दडलेला असतो, आणि आमच्या बैठकीत तो कुणी उच्चारलाही नव्हता.

पापडीत शुक्रवारचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी इथे आठवडी बाजार भरतो. रिक्षा पावलापावलाने जातात, कुणाच्या तरी पिशवीतली शेवग्याची शेंग दुसऱ्याच्या पाठीला टोचते आणि त्यावर वादही होत नाही. मे महिन्यात सुक्या मासळीच्या ओळीत उभं राहायला जागा नसते. बोंबील, जवळा, सुकट, मांदेली. पावसाळ्याची बेगमी करायला आलेली बाई जवळा मुठीत घेऊन हुंगते, परत टाकते, पुढच्या मावशीकडे जाते आणि फिरून पहिलीकडेच येते. पाऊस लागला की पूर्वेकडच्या पाड्यांवरून आदिवासी बायका शेवळं घेऊन येतात, आणि ती नीट न शिजवल्यास घसा खाजेल हे विकत घेणाऱ्याला बजावूनही सांगतात. भांडीवाले, चादरीवाले, बांगड्यावाले इतर वारी इतर गावांच्या बाजारांत असतात. शुक्रवार तेवढा आपला.

हा बाजार रोज का भरत नाही? गिऱ्हाईक तर रोज जेवतं. रोज भरला असता, तर मला वाटतं, तो मंडई झाला असता; सोयीचा, पण वाट न पाहण्याचा. आठवड्याच्या अंतरात दोन गोष्टी घडतात. विकणाऱ्याकडे माल साठतो आणि घेणाऱ्याकडचा संपतो. दोन्ही एकाच दिवशी जुळतात तो बाजाराचा वार. महिन्याने भरवला तर घेणारा दुसरीकडे वळेल, दिवसाआड भरवला तर विकणारा अर्ध्या पाट्या तशाच परत नेईल.

शिवाय प्रत्येक मालाची घाई वेगळी. वसईच्या वाडीतला मोगरा आजच्या आज विकला गेला पाहिजे, म्हणून तो बाजाराची वाट पाहत नाही. पहाटेच्या लोकलने दादरला जातो. पालेभाजीला दिवस-दीड दिवस. केळफूल थोडं थांबतं. सुका बोंबील पावसाळा काढतो. आणि सुकेळी! राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, रोज परतायची. ऊन नसेल तर सगळंच खोळंबतं. भाव ऐकून पाहुणे दचकतात. पण सुकेळी उद्या द्या, असं त्या माणसाला कुणी सांगत नाही.

तेव्हा लक्षात आलं की आमची मंडळी वेगाबद्दल भांडतच नव्हती, प्रत्येक जण आपापल्या मालाबद्दल बोलत होता. तरुणाकडे मोगरा आहे. गटार कुठे तुंबलं, पाणी कधी येणार, कोणत्या रस्त्याचं काम अडलं, हे सकाळी हवं असतं आणि संध्याकाळी कोमेजतं. मास्तरांकडे सुकेळी. त्यांना इथल्या विहिरींवर लिहायचं आहे, आणि ते लिहिण्याआधी पुन्हा एकदा सगळ्या विहिरी पाहून यायच्या आहेत. दोघांना एकाच पाटीत बसवायचं म्हणजे एकाचं सडणार किंवा दुसऱ्याचं कच्चं राहणार.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. डॉक्टर जॉन्सन हा त्यांचा आवडता लेखक, ‘निबंधमाले’त त्यांनी त्याच्यावर लिहिलंही. जॉन्सनचा ‘रॅम्बलर’ १७५० ते १७५२ अशी दोन वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी निघे. २०८ अंक, त्यांतले जवळजवळ सगळे एकहाती. चिपळूणकरांनीही एकहातीच लिहिलं. पण त्यांनी महिना निवडला. १८७४पासून सात वर्षांत ८४ अंक. विषय एका अंकात मावला नाही तर पुढच्या अंकात चालू. जॉन्सनच्या लेखाला दर वेळी दारातूनच निरोप घ्यावा लागतो. चिपळूणकरांचा निबंध ओसरीवर बसतो, पान मागतो, भांडण उकरून काढतो. ऐसपैस भांडायला महिन्याची उसंत लागते, असं माझं मत झालं आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलं ते मात्र पत्रांच्या रूपात, आणि म्हणून ते आठवड्याला शोभलं. १०८ पत्रं झाली, तरी आपण त्यांना शतपत्रं म्हणतो. मोजणीत इतका ढिलेपणा चालतो, वारात चालत नाही.

पंधरवड्याचा विषय निघाला की मला डॉ. आंबेडकर आठवतात. ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ सुरू झालं ते पाक्षिक. ‘बहिष्कृत भारत’ही पाक्षिक. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते प्यायले २० मार्च १९२७ला, आणि ‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक ३ एप्रिलचा. बरोबर चौदा दिवस. महाडनंतर जे उठलं होतं त्याला उत्तर देण्यासाठी महिना थांबणं शक्यच नव्हतं. पण त्या पंधरवड्याची किंमत जबर होती. अंकाचे चोवीस चोवीस रकाने आपल्याला एकट्याने लिहून काढावे लागतात, हे त्यांनी स्वतःच वाचकांपुढे मांडलं होतं. वकिली, चळवळ, सभा आणि दर पंधरा दिवसांनी चोवीस रकाने! मी बैठकीत किती सहज ‘पंधरवडा’ म्हणून गेलो होतो. माझा पाठिंबा तिथेच मागे घेतला.

आणि घराजवळचं उदाहरण तर डोळ्यांसमोर होतं. वसईतून निघणारं ‘सुवार्ता’ मासिक. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते. पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचं नाव वाचलं; इथल्या घरांत ते महिन्याच्या महिन्याला आधीच येऊन गेलेलं होतं. त्याच काळात ते इथली हिरवाई राखण्याच्या ‘हरित वसई’च्या लढ्यातही होते, मोर्चे, सभा, धमक्या सगळं चालू होतं. अशा दिवसांत रोज लिहावंसं वाटलं नसेल का? पण महिन्याने आलेला लेख आपल्या घरी नुसता वाचला जात नाही. तो जेवणाच्या टेबलावर राहतो, दुसरा माणूस उचलतो, तिसरा त्यावर पत्र लिहितो, आणि ते पत्र छापून यायलाही पुढचा अंक असतो. वाचकाच्या उत्तरालाही पिकायला वेळ लागतो, हे रोज लिहिणारा विसरतो.

वर्षातून एकदाच येण्याचं सुख मराठी माणसाला कळतं, याचा पुरावा दिवाळी अंकच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा काढला, तेव्हापासून आपण वर्षभराची भूक फराळाच्या ताटाशेजारी ठेवत आलो आहोत. पण आमची चार पानं म्हणजे दिवाळी अंक नव्हे. वर्षभर थांबून पापडीतल्या लोकांनी आमची वाट पाहावी असं आम्ही काय लिहिणार?

पुढच्या बैठकीत मी दोन प्रस्ताव ठेवले. तरुणासाठी नाक्यावर वार्ताफलक. काळा फळा, खडू, रोज सकाळी त्याने लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच पुसायचं. त्याला ते इतकं आवडलं की साप्ताहिकाचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही. फळ्याला छप्पर हवं, एवढंच म्हणाला. पावसाळ्याचा विचार त्याने आधीच केला होता. आणि अंक महिन्याला एकदा, पहिल्या शुक्रवारी. कॅथलिक घरांत महिन्याचा पहिला शुक्रवार पाळतात, त्या दिवशी ग्रेस मातेच्या चर्चमध्ये मिस्साला गर्दी असते. बाकीचे बाजाराला येतातच. मास्तरांना विहिरी पाहायला चार आठवडे मिळतील, पुरले नाहीत तर लेख पुढच्या अंकात जाईल आणि त्या महिन्यात पानं चारच्या ऐवजी दोन निघतील. मास्तरांनी यावर बराच विचार केला. दोन पानांचा अंक काढायला लाज वाटणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, कागद वाचेल.

मग ताईंनीच कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. २०२६मध्ये गुड फ्रायडे ३ एप्रिलला, म्हणजे नेमका पहिल्याच शुक्रवारी. त्या दिवशी कोण अंक घेईल? मास्तर म्हणतात गुरुवारी वाटू, तरुण म्हणतो शनिवारी, आणि मी ‘दर्पण’च्या तारखा सांगायला लागलो की दोघंही एकदम चहा मागवतात.