दुसरं मूळ तेच कशावरून?

परवा भाची वही घेऊन आली. अकरावीत आहे. "मावशी, तुला गणित येतं ना?" आता भाचीसमोर नाही कसं म्हणणार!

गणित असं: २ + ३आय हे एक मूळ असलेली, वास्तव सहगुणकांची वर्ग बहुपदी शोधा. (आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ.) मी ऐटीत म्हटलं, "सोप्पंय. दुसरं मूळ त्याचं अनुबद्ध, २ − ३आय. बेरीज ४, गुणाकार ४ + ९ म्हणजे १३. उत्तर क्ष² − ४क्ष + १३. झालं!"

"पण दुसरं मूळ तेच कशावरून?"

बोंबला! २५ वर्षांपूर्वी मीही वर्गात हेच विचारलं होतं. "पाठ कर, मार्क मिळतील," असं उत्तर आलं आणि मागच्या बाकांवरून हशा. मार्क मिळाले. पण गणिताच्या तासाला मी पुन्हा कधी हात वर केला नाही. बारावीनंतर विषयच सोडला.

तेच उत्तर आता माझ्या ओठांवर आलं होतं... गिळलं. म्हटलं, "मला नाही माहीत गं. बघूया?"

बसलो दोघी. क्ष = २ + ३आय, म्हणजे क्ष − २ = ३आय. दोन्हीकडे वर्ग केला. क्ष² − ४क्ष + ४ = −९. आय गायब! पुन्हा तेच क्ष² − ४क्ष + १३. तेवढ्यात भाची ओरडली, "अगं, −३आयचा वर्गही −९च!" म्हणजे आय घालवायला वर्ग केला, की त्याच दारातून दुसरं मूळही आत येतं. 'वास्तव सहगुणक' ही अट नसेल तर दुसरं मूळ काहीही चालेल. ती अट मी इतकी वर्षं नुसती वाचून सोडून देत होते!

रात्री वाचलं. १५४५ साली इटलीतल्या कार्दानोने 'आर्स मॅग्ना'त १० चे असे दोन भाग केले की गुणाकार ४० यावा. एकात ५ अधिक उणे १५चं वर्गमूळ, दुसऱ्यात ५ वजा तेच. जोडीनंच! आणि हे सगळं त्याला निरुपयोगी वाटलं होतं. बरं वाटलं वाचून.

भाची जाताना विचारत होती, "मावशी, क्ष³ असेल तर? जोड्या लावल्या की एक मूळ वास्तव उरणारच ना?"

उरणारच की! मला हे तेव्हा सुचलं असतं का? कोण जाणे. हात वर ठेवायला हवा होता, एवढं मात्र खरं.

असो. उद्या पुन्हा येणार आहे.