सहलीला पुस्तक न्यावे की मोबाइल?

दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, पाहायचे ठरले की घरात प्रश्न निघतोच: प्रवासाचे पुस्तक घ्यावे की मोबाइलवर भागवावे? आमच्याकडे मुलांचा कौल मोबाइलला, अम्मींचा पुस्तकाला. त्यात अम्मींचे गुडघे दुखतात. चार दिवसांत त्यांना एकच मोठी चढण झेपणार होती. ती कोणती, हे ठरवायचे होते.

रोज बदलणाऱ्या गोष्टींसाठी मोबाइल बरा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे पुस्तकातही सापडते. पण तिकिटाचे दर, हॉटेलचे भाडे, रस्त्याचे काम यांचा पुस्तकावर भरवसा नाही. अजिंठ्याच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, हेही आम्हाला लोकांनी टाकलेल्या फोटोंवरूनच कळले.

जे बदलत नाही, त्यासाठी मात्र पुस्तकच. मोबाइलवर बीबी का मकबरा म्हणजे ‘दख्खनचा ताज’, एवढेच पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. तो बांधणारा अताउल्लाह हा ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा, हे पुस्तक नीट सांगते. अजिंठ्यावरची देबला मित्रा यांची छोटी मार्गदर्शिका १९५६ साली निघाली. लेणी आजही तीच आहेत. शिवाय दौलताबादच्या अंधारीत मोबाइलचा उपयोग फक्त बॅटरीपुरता!

सर्वांत मोठा फरक वेगळाच आहे. मोबाइल ज्याच्या हातात, बेत त्याचाच होतो. बारीक अक्षर न दिसणारी माणसे नुसती ‘हो’ म्हणतात. आम्ही जेवणानंतर पुस्तकातला किल्ल्याचा नकाशा मधोमध पसरला. अम्मींनी चष्मा लावला, बोट ठेवले आणि म्हणाल्या, “किल्ला तुम्ही चढा. मी इथे चाँद मिनारपाशी बसेन. माझी चढण अजिंठ्याची.” पायऱ्यांचे फोटो दाखवले, तरी त्यांचा निर्णय बदलला नाही. अजिंठ्याला डोलीवाले मिळतात, हेही त्यांनीच पुस्तकातून शोधून काढले.

म्हणून घरटी एक पुस्तक घ्यावे. विकत घेताना ते कोणत्या साली छापले ते पाहावे. मोबाइलमध्ये निघण्यापूर्वीच नकाशे उतरवून ठेवावेत, वेळा आणि दर आदल्या रात्री तपासावेत. आणि बेत आखताना पुस्तक आधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे.