सासूबाईंचा निवाडा

मालाड, 4 नोव्हेंबर

चि. सुनीता हिस मामाचा प्रभू येशूमध्ये सलाम.

तुझे पत्र पावले. जन्मभर पंढरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या तुझ्या सासूबाईंची रवानगी कोणा उपदेशकाने तेराव्याच्या आतच सार्वकालिक अग्नीत करून टाकली, आणि ती वार्ता तुला, त्यांच्या ख्रिस्ती सुनेला, सांत्वनाच्या भेटीत दिली, हे वाचून त्या गृहस्थाच्या धर्मज्ञानापेक्षा मला त्याच्या सभ्यतेचीच अधिक काळजी वाटली. तथापि देव कोणाला खरोखर कायमचा नरकात ठेवील काय, हा तुझा प्रश्न रागाच्या भरात उडवून लावण्याजोगा नाही.

तो फार पूर्वी एका चित्पावन पंडिताने विचारून ठेवला आहे. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अंमलदाराने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृतात रचला, तेव्हा काशीच्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी, वयाची विशीही उलटली नसता, 1844 साली 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्यास उत्तर दिले. आणि त्यातील एक हरकत अशी, की चार दिवसांच्या पापास अंत नसलेली शिक्षा फर्मावणारा ईश्वर न्यायी कसा म्हणावा? आपल्या पुराणांतले नरक भयंकर खरे, पण तेथील प्रत्येक भोगाला मुदत आहे, आणि ती सरली की जीव सुटतो. पुढे 1848 मध्ये याच शास्त्रीबोवांनी जौनपुरास बाप्तिस्मा घेतला, ते नेहेम्या गोरे झाले, आणि 1868 साली त्यांनी त्याच सार्वकालिक शिक्षेच्या समर्थनार्थ इंग्रजीत पुस्तिका काढली. फिर्याद ज्याची, प्रतिपक्षाचे वकीलपत्रही त्याचेच! मला विचारशील तर तरुण गोऱ्यांची हरकत प्रौढ गोऱ्यांच्या हातून पुरती खारीज झाली असे वाटत नाही.

खुद्द ख्रिस्ती मंडळीतही हा वाद जुनाच आहे. शिक्षा शुद्धीसाठी असून अखेर सर्व जीव देवाकडे परततील, असे ओरिजेनने तिसऱ्या शतकात मानले, आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत तो दोषी ठरला; पण जवळजवळ तीच आशा धरणारा नीसाचा ग्रेगरी आजही संतांच्या यादीत आहे. ऑगस्टीनचा मुद्दा मात्र टाळता येत नाही: मत्तयाच्या 25 व्या अध्यायात शिक्षा आणि जीवन या दोहोंना एकच मुदत लावली आहे, एकीची कमी केलीस तर दुसऱ्याचीही होईल. 1877 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ज्या फॅरर नावाच्या इंग्रज पाद्र्याने या विषयावर प्रवचने देऊन खळबळ उडवली, तो जन्माने मुंबईकर होता, हे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते; त्यानेही सर्वांच्या उद्धाराची हमी दिली नाही, आशेला मात्र वाव ठेवला.

मीही तेवढ्यावरच थांबतो. छळणारा आणि छळला गेलेला एकाच पंगतीस बसतील असे ठामपणे सांगण्याचा अधिकार निदान छळ न सोसलेल्या मला नाही. परंतु अमुक एक मनुष्य नरकात आहे असे सांगण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. आमच्या ओर्लेमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या चर्चने शेकडो संतांची नावे जाहीर केली, पण नरकवासी म्हणून आजवर एकाचेही नाव जाहीर केलेले नाही; उलट ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही त्यांनाही तारण लाभू शकते, असे त्याच चर्चच्या परिषदेने 1964 साली नमूद केले. तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे आपले रेव्हरंड टिळक तो सेतू आगीत लोटायला राजी झाले असते काय?

सासूबाईंचे नाव प्रार्थनेत खुशाल घे. उपदेशक पुन्हा आले तर चहा दे, वाद घालू नकोस, फक्त 1844 च्या त्या हरकतीचा खुलासा माग. आणि त्यांनी तो दिला तर मला अवश्य कळव.

तुझा,
मामा