माघारीचा जिल्हा

मला हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही! 'माघार' हा एवढासा शब्द पाहायला दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडला (१९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात जाडजूड खंड), आणि मग सुटकाच नाही. पिछेहाट, काढता पाय, कच खाणं, शेपूट घालणं, नांगी टाकणं, अंग काढून घेणं, घूमजाव... आणि पोबारा! हा तर सोंगट्यांच्या खेळातला शब्द. फाशांचं दान ते, आणि आपण पळून गेलेल्या चोराच्या नावावर लावून मोकळे.

त्याहून मोठी गंमत म्हणजे या शब्दांना प्रसंग शोधायला नगर जिल्ह्याबाहेर जावंच लागत नाही!

जामखेड तालुक्यातलं खर्डा घ्या. ११ मार्च १७९५. निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या पलटणी बऱ्यापैकी टिकून होत्या, पण खुद्द निजामाचाच धीर सुटला. मागे फिरायचा हुकूम सुटला, अंधारात एकच गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी वेढलं, तह झाला. आता बघा, रेमाँनं घेतली ती माघार, निजामानं खाल्ली ती कच, आणि फौजेची झाली ती पिछेहाट. एकाच रात्री तीन शब्द!

पण खरा वेडा झालो तो भातवडीपाशी. नगरजवळचंच गाव. १६२४ साली मलिक अंबर मागे सरत सरत इथवर आला. पाठीवर मुल्ला महंमद लारीची विजापुरी फौज आणि तिच्या मदतीला मोगल. पाठलाग करणाऱ्यांना वाटलं, म्हातारा दमला. म्हाताऱ्यानं तलाव फोडला! सगळीकडे चिखल, त्यात शत्रूची छावणी अडकलेली, वर अंबरच्या स्वारांचे छापे. लारी मारला गेला. शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच कामी आले. या मागे सरण्याला शेपूट घालणं म्हणायची कुणाची छाती आहे? ही हुलकावणी! हा शब्द माघारीच्या पंगतीत बसवायला हवा, आणि मानाच्या पाटावर.

नगरच्या किल्ल्यासमोरून १५९६ मध्ये मोगल शहजादा मुराद वऱ्हाड पदरात पाडून परतला, त्याला म्हणतात वेढा उठवणं. रिकाम्या हातानं न जाणाऱ्यांची माघार ती. आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत माघारीच्या मुदतीपर्यंत जे काय चालतं, त्याला कोशानं वेगळा खंड काढायला हवा होता.

आणि पाऊस! सप्टेंबरच्या मध्यावर पश्चिम राजस्थानातून मान्सूनची माघार सुरू होते. हवामान खात्याचा शब्दही माघारच. पण सह्याद्रीच्या आडोशाला पडलेल्या आमच्या कोरड्या तालुक्यांत जून-जुलैचे ढग नुसतेच वरून पळतात. जमिनीत खोल ओल धरते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसानं, आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरतात. मान्सून येताना पोबारा करतो आणि माघार घेताना देऊन जातो! म्हणून तर कर्जत-जामखेडकडे कुणी त्याला माघारीचा पाऊस म्हणत नाही. परतीचा म्हणतात.