थंडीचे चार दिवस

मुंबईच्या माणसाने थंडीवर लिहावे हा तसा आगाऊपणाच आहे. पंखा एक आकडा खाली आला की आमची थंडी सुरू होते आणि कपाटातल्या पांघरुणाची घडी मोडली की ती शिगेला पोहोचते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. ही हकीकत जुने मुंबईकर अजून अशा थाटात सांगतात, की जणू त्या दिवशी गिरगावच्या रस्त्यावर बर्फच पडले होते! मला मात्र थंडीची वर्दी वाऱ्याकडून मिळत नाही. ती मिळते आमच्या स्वयंपाकघरातून. डिसेंबर लागला, की पोळ्या लाटता लाटता पत्नी विचारते,

"मग, यंदा तुमचे चार दिवस कधी?"

या चार दिवसांचा हिशेब सोपा आहे. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी गावी जायचे, दादाकडे. ते माझे दोन दिवस. फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी दादाने मुंबईला यायचे. ते त्याचे दोन दिवस. हा परिपाठ १९८५ साली सुरू झाला. मधला २०२१ चा जानेवारी तेवढा साथीच्या दिवसांमुळे हुकला. एरवी घरात लग्न असो, आजारपण असो, की कचेरीत तपासणी असो, आमचे चार दिवस कधी चुकले नाहीत. नोकरीत होतो तेव्हा शनिवारची एक किरकोळ रजा टाकायची आणि शुक्रवारी रात्री सोलापूरकडे जाणारी गाडी पकडायची. कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिने लागली, की अर्धवट झोपेत मागून एक हलका धक्का जाणवे. बोरघाट चढवण्यासाठी लावलेली ती इंजिने. मला आपले वाटे, की 'जा बाबा एकदाचा' म्हणून कुणी तरी मायेने पाठीवर हात ठेवून ढकलते आहे.

पहाटे करमाळा तालुक्यातल्या एका लहानशा स्टेशनावर मी उतरे. खरी थंडी तिथे भेटायची. ती मुंबईच्या थंडीसारखी लाजत-बुजत येत नाही. ती सरळ कानाला धरते! फलाटाच्या टोकाला घोंगडी पांघरून दादा उभा असे.

"आलास?"

"आलो."

एवढेच. वर्षभराने भेटलेल्या दोन भावांचे एवढे बोलणे पुरेसे असे. पुढचे बोलणे चहानंतर.

आमचे मूळ गाव आता नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या पाण्याने नदीकाठची कितीतरी गावे पोटात घेतली. त्यांत आमचेही गेले. घर, शाळा, मारुतीचा पार, ज्या चिंचेवरून पडून माझा हात मोडला ती चिंच, सारे गेले. नवे गावठाण वर माळावर वसले. दादाने जुन्या घराच्या तुळया मोजून उतरवल्या, दाराची चौकट सुटी केली, आईचे जाते गवतात गुंडाळले आणि बैलगाडीच्या खेपांवर खेपा करून ते घर वर नेले. मी तेव्हा मुंबईत नवा नोकरीला लागलेला. रजा मिळाली नाही. मी मनीऑर्डर पाठवली.

पाण्याने नेले तसे पाण्याने दिलेही. काठावर मोटारी बसल्या, नळ टाकले गेले आणि जिथे नुसती जिरायत ज्वारी पिके तिथे ऊस उभा राहिला. आज आमच्या शिवारात शिरले, की माणूस उसातच हरवतो. फक्त विहिरीजवळच्या बांधालगत एक लांबट पट्टा आहे. त्यात दादा दर साली ज्वारी पेरतो. साधी भाकरीची मालदांडी नव्हे, हुरड्याची गूळभेंडी.

हुरडा ज्याने शेतात बसून खाल्ला नाही, त्याला तो शब्दांनी कसा भरवावा? आता शहराच्या आसपास तिकीट लावून हुरडा मिळतो, खुर्च्या-टेबलेही असतात. त्याला मी नावे ठेवीत नाही. पण हुरड्याला आगटी हवी. मातीत हातभर खळगा काढायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि ज्वाळा विझून निखारा फुलला की कोवळी कणसे त्यात खुपसायची. कणीस किती वेळ ठेवायचे याचे घड्याळ दादाच्या नाकात आहे. वास पालटला की तो कणीस उपसतो, तळव्यांत धरून चोळतो, फुंकर घालून भुसकट उडवतो आणि हिरवेगार, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत ओततो. बाजूला वहिनींनी दिलेली शेंगादाण्याची चटणी, गुळाचा खडा, दह्याचे मडके. पहिली मूठ तोंडात गेली, की त्या गोडव्याने शहाणा माणूसही क्षणभर मुका होतो. दादाचे तळवे निखाऱ्याने लाल झालेले असतात, पण तो स्वतः क्वचितच खातो. "तू खा रं. आमाला काय, रोजचंच हाय."

दुपारी आम्ही पाण्याच्या काठी जाऊन बसतो. थंडीत तिथे पाहुणे येतात. लांब पायांचे, लांब मानेचे रोहित पक्षी. ते चोच उलटी करून चिखल गाळतात. त्यातल्या खाद्यानेच त्यांच्या पिसांवर गुलाबी रंग चढतो. दादा त्यांच्या पलीकडे बोट दाखवतो. "ती पांढरी वळ दिसती न्हवं, तितं आपली शाळा. त्याच्या अलीकडं मारुती." मला नुसते पाणी दिसते. त्याला गाव दिसते.

आता त्याचे दोन दिवस. दादा मुंबईला येतो तो पाठीवर गाठोडे घेऊन. ज्वारीचे पीठ, शेंगा, आणि वहिनींनी "भाऊजींना आवडतं" म्हणून दिलेले काहीतरी. मी पुष्कळ वर्षे त्याला मुंबई दाखवण्याचा सपाटा लावला. गेट वे झाले, राणीची बाग झाली, म्युझियम झाले, शिवाजी मंदिरात नाटक झाले. तो सारे शांतपणे पाही. एकदा दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, त्याला विचारले, "कशी वाटते मुंबई?" त्याने खाली पाहिले आणि म्हणाला, "पेरनी लई दाट झालीया."

२००८ साली मी त्याला शिवडीच्या धक्क्यावर नेले. ओहोटी लागली होती. समोर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर रोहितांचा गुलाबी थवा पसरला होता. दादा जागच्या जागी थांबला. वीस-बावीस वर्षांत मुंबईने त्याला प्रथमच चकित केले होते.

"आरं, हे तर आपल्याकडलंच की!"

मी वाचलेली माहिती मोठ्या ऐटीने सांगितली. यांत दोन जाती असतात, एक थोरली, एक धाकटी. आपल्या उजनीवर येतात ते बहुतेक थोरले आणि या खाडीत भरणा आहे तो धाकट्यांचा. दादाने ते ऐकून घेतले. मग खिशातून चंची काढीत म्हणाला, "म्हंजे थोरला गावाकडं आन् धाकटा ममईला." मी खूप हसलो. घरी येऊन पत्नीलाही सांगितले. हा विनोद आहे, असेच मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो.

२०२५ च्या जानेवारीत नेहमीप्रमाणे गावी गेलो. दादा आगटीसाठी गोवऱ्या आणायला गेला होता, तेव्हा पुतण्या हळूच जवळ आला.

"काका, रागावू नका. पण तुम्हीच सांगितलं तर आण्णा ऐकतील."

"काय सांगू?"

"त्या ज्वारीच्या पट्ट्याचं. चारी बाजूंनी ऊस, मधे ती ज्वारी. उसाचं पाणी पाझरून ती पिवळी पडते. निम्मी पाखरं खातात. आण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी सकाळपासून गोफण घेऊन तिथं बसतात. आम्ही म्हटलं, सरसकट ऊस लावू. तर म्हणतात, 'मंग धाकटा आला तर त्याला काय देऊ? ऊस?'"

मी गप्प झालो. कारण एक गोष्ट मीही लपवून ठेवली होती. चार-पाच वर्षे झाली, मला हुरडा धड चावत नाही. दातांनी राजीनामा दिला आहे. दोन मुठी कशाबशा गिळायच्या, वाहवा करायची आणि उरलेला रुमालात बांधून घ्यायचा, असे चालले होते. दादाला वाईट वाटू नये म्हणून मी हुरडा खात होतो आणि मला मिळावा म्हणून दादा तो पिकवीत होता!

त्या संध्याकाळी, निखारा राखेने झाकू लागला तेव्हा मी धीर करून म्हणालो, "दादा, पट्टा मोडून टाक. ऊस लाव. मी काही हुरड्यासाठी येत नाही."

त्याने काटकीने निखारा उकरला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

"हुरड्यापायी येत न्हाईस. बरं. मंग ऐतवारी रातच्याला पळतोस कशापायी?"

"म्हणजे?"

"नोकरी सुटून चौदा वर्सं झाली तुझी. आता कुणाची रजा लागती तुला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचले असते. २०११ साली मी निवृत्त झालो. त्यानंतर माझ्या दिवसांवर कुणाचीच सही लागत नव्हती. तरी शुक्रवारी रात्री निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, हे मी तसेच चालू ठेवले होते. कचेरी सुटली, पण कचेरीने शिकवलेली दोन दिवसांची माया सुटली नव्हती. दादाने मात्र हे चौदा वर्षे पाहिले आणि एका शब्दाने विचारले नाही. हुरडा खायला आलेल्या पाहुण्याला 'राहा' म्हणता येते. भावाला ते म्हणावे लागावे, हेच त्याला पटत नसावे.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. मी हिशेब मांडला. चाळीस हिवाळे, दर हिवाळ्यात चार दिवस. एकशेसाठ दिवस झाले. पुरते सहा महिनेही नाहीत. अठरा वर्षे ज्याच्याबरोबर एका वाकळेत झोपलो, त्याच्या वाट्याला पुढच्या चाळीस वर्षांतून मी इतकेच दिले. आणि घर उतरवून वर नेताना मनीऑर्डर पाठवली होती, तीही आठवली.

फेब्रुवारीत दादा आला नाही. गुडघे फारच धरले होते. मी एकटाच शिवडीला गेलो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो. त्याच्यावरून मोटारी सुसाट जात होत्या आणि खाली चिखलात रोहित आपले संथपणे चरत होते. शनिवार संपला, रविवार आला, याची त्यांना काळजी नव्हती. पाणी आणि चिखल मानवेल तोवर राहायचे. परतीचे तिकीट काढून कुणी आलेले नव्हते.

यंदा घटस्थापनेच्या सुमारास दादाचा फोन आला.

"पेरलंय," तो म्हणाला.

"अरे, पण तुला सांगितलं होतं ना..."

"निम्माच पट्टा पेरलाय. निम्म्यात ऊस. पोरांचंबी राहिलं, माझंबी." थोडा थांबून म्हणाला, "दात न्हाईत तुला, म्हाईत हाय मला. दोन सालं रुमाल बघतोय तुझा. वहिनी भरडून थालपीठ करून देईल."

रेल्वे साठ दिवस आधी तिकीट देते, तेव्हा जानेवारीची खिडकी अजून उघडलेली नाही. उघडली की जाण्याचे तिकीट काढणार आहे. परवा फराळाचा डबा गावी पाठवायला बांधताना पत्नीने विचारले, "आणि परतीचे?"

मी म्हटले, "ते दादाला विचारून काढू."